उलटं बटण

पडदा वर जातो तेव्हा आधी काहीच दिसत नाही, नुसती वाफ. मग त्या वाफेतून एकेक वस्तू बाहेर येते. डावीकडे भिंतीला लागून पाच मोठी यंत्रं, गोल काचेच्या दारांची, त्यातलं चौथं बाकीच्यांपेक्षा जास्त थरथरणारं. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या चादरींचे ढीग. मागच्या भिंतीत छताजवळ तीन बुटक्या खिडक्या. हे तळघर आहे, त्यामुळे खिडक्यांतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. टेबलाभोवती नऊ बाया. दोघी-दोघी चादरीची टोकं धरून मागे सरकतात, पुढे येतात, पुन्हा मागे सरकतात, आणि सगळ्या एकाच वेळी ओरडून बोलतायत. उजवीकडच्या दारातून एक बारकीशी मुलगी आत येते. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. बघणाऱ्याला वाटावं, तान्हं मूल आहे.

ते मूल नाही, कॅमेरा आहे, आणि ती मुलगी माझी भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक लेक. मुलगी म्हणते खरी, पण या प्रवेशात ती तेहतीस वर्षांची आहे. टॉवेलाचं कारण असं, की बाहेरच्या गारव्यातून एकदम वाफेत आलं की कॅमेऱ्याची काच धुरकटते. म्हणून त्याला अर्धा तास गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं, खोलीची ऊब अंगात मुरू द्यायची आणि मग उघडायचं. ही जागा म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाचं धुलाईघर.

माझी चाळीस वर्षं रंगभूमीवर गेली. राण्या केल्या, मोलकरणी केल्या, एका नाटकात तर दोन अंक प्रेत होऊन पडून राहिले आणि त्यालाही टाळ्या घेतल्या. त्यामुळे दिवे लावल्याशिवाय मला गोष्ट सांगता येत नाही, एवढं चालवून घ्या. आता मी बाजूला होते. या गोष्टीत माझं काम पिशव्या उचलणाऱ्या मावशीचं.

भाची लहान होती तेव्हा सुट्टी लागली की ताई तिला माझ्याकडे पाठवून द्यायची. मी प्रयोगाला निघाले की ही बरोबर. विंगेत एका स्टुलावर बसवायचे तिला. मला वाटलं, पोरीला नाटकाचं वेड लागलं. चार-पाच प्रयोगांनंतर लक्षात आलं, ती रंगमंचाकडे बघतच नव्हती. मी तिकडे गळा काढून रडतेय, समोर पाचशे माणसं नाकं ओढतायत, आणि ही बघतेय पडदा ओढणाऱ्या काकांकडे.

"मावशी, ते काका दोरी धरायच्या आधी हातांवर फुंकर मारतात. तुला माहीत होतं?"

नव्हतं. बारा वर्षं त्या माणसानं माझ्यासाठी पडदा ओढला होता.

पुढे ती शिकली, पाच-सहा वर्षं दुसऱ्यांच्या माहितीपटांवर वायरी गुंडाळल्या, प्रकाशाच्या छत्र्या धरून उभी राहिली, आणि एक दिवस एक जुना कॅमेरा घेऊन आली. म्हणाली, आजपासून मी स्वतंत्र.

"स्वतंत्र म्हणजे काय गं?" ताईनं विचारलं.

"म्हणजे माझ्यावर साहेब नाही."

"आणि पगार?"

"तोही नाही."

"मग स्वतंत्र कशाला म्हणतेस? रिकामी म्हण की सरळ."

ताईचं माझ्यासारखं नाही. ती चोख माणूस. तिच्या घरात चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून झोपतात. मुलीचं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीची तिला भीती वाटायची. ती भीती रागाचे कपडे घालून बाहेर यायची, एवढंच.

पहिला माहितीपट एका लिफ्टमनवर होता. अकरा मिनिटांचा. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दाखवला. एकोणीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली सात. ताई नवीन कपडे घालून पहिल्या रांगेत. दिवे लागल्यावर शेजारच्या बाईला मान ताठ करून म्हणाली, "माझ्या मुलीनं काढलाय."

"माझ्या नवऱ्यावर काढलाय," ती बाई तेवढ्याच ताठ मानेनं म्हणाली.

दोघींनी नंतर बराच वेळ एकमेकींचे हात धरले होते. पण घरी येताना ताईचं सुरू झालंच. "लोक सिनेमे काढतात. त्यात नट असतात, गाणी असतात, घोडे असतात. हिच्या सिनेमात लिफ्ट! वर जाते, खाली येते!"

तोवर भाची माझ्याकडेच राहायला आली होती. माझी मागची खोली तिची. बुटांच्या खोक्यांत कॅसेटी, खोक्यांवर तारखा, खोकी कपाटात, कपाटाखाली, पलंगाखाली, आणि एक वर्षभर माझ्या शिवणयंत्राच्या पोटात. तशी ती आदर्श भाडेकरू. आवाज नाही, पाहुणे नाहीत, भाडंही नाही.

धुलाईघर तिला सापडलं ते माझ्यामुळे. म्हणजे माझ्या गुडघ्यामुळे. ऑपरेशन झालं, मी पलंगावर, ही उशाशी. कुणीही म्हणेल, काळजीनं माझ्याकडे बघत असेल. ही चादरीकडे बघत होती.

"मावशी, रोज वेगळी चादर येते, पण कोपरा रोज सारखाच दुमडलेला असतो. एकाच हातानं दुमडल्यासारखा."

"मला भूल उतरतेय," मी म्हटलं.

"कुठे धुतात गं ह्या?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या उशाशी कोणी नव्हतं. मला घरी सोडलं त्या दिवशी ती तळघरातून धावत वर आली. हात पांढरे पडलेले, सुरकुतलेले आणि चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं कुणीतरी मागणी घातली.

कुणी घातली नव्हती. तिला तळघरात येऊ दिलं होतं, एवढंच. आणि येऊ देणारी होती मोठी बाई.

मोठी बाई म्हणजे धुलाईघराची मुख्य. एकतीस वर्षं तिथे. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल, पण आवाज असा की माझ्या उमेदीच्या काळात मला मिळता तर मी माइकवाल्याला घरी पाठवलं असतं. एकतीस वर्षांत कामाच्या वेळेत तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं भाचीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अट घातली.

"कॅमेरा धरायला तुझे दोन हात लागणार. तू मध्ये कडमडणार, तर आमचेही दोन हात अडणार. म्हणजे तू जितका वेळ कॅमेरा धरशील तितका वेळ चादरी घडी करायच्या. तासाला तास. जमतंय?"

भाची म्हणाली, त्याहून बरं सांगते. पहिले तीन महिने मी कॅमेरा आणतच नाही.

आणि खरंच नाही नेला. तीन महिने नुसत्या घड्या घातल्या. ताईला मी सांगितलंच नाही, तिनं मला आणि तिला एकाच चादरीत गुंडाळलं असतं. चौथ्या महिन्यात टॉवेलातलं बाळ तळघरात गेलं, तेव्हा दोन गोष्टी ठरल्या. कॅमेरा चालू झाला की त्याच्या तोंडावर एक लाल दिवा लागायचा. तो दिसला की बाया खांबासारख्या उभ्या राहायच्या आणि सरकारी बोलायला लागायच्या. मोठी बाई तर हात मागे बांधून "रुग्णांची सेवा" असं काहीतरी सुरू करायची. म्हणून भाचीनं त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली. आणि दुसरी गोष्ट म्हणजे एक शब्द दिला. माझ्या हातात कॅमेरा असला तर तो चालू आहे असं धरा. टेबलावर ठेवला की बंद. मग काय हवं ते बोला.

तीन वर्षं हा शब्द पाळला गेला. टेबलावर कॅमेरा आला की कुणाच्या सासूचं काय झालं, कुणाच्या जावयानं काय दिवे लावले, सगळं निघायचं. भाची ते घड्या घालता घालता ऐकायची आणि घरी येऊन मला एक अक्षर सांगायची नाही. मी काय काय आमिषं दाखवली! विंगेत बोललेलं विंगेतच राहायला हवं, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

तिसऱ्या वर्षी बातमी आली. धुलाईघर बंद होणार. कपडे गावाबाहेरच्या नव्या कारखान्यात जाणार, बायांपैकी काहींना तिकडे काम, काहींना घरचा रस्ता. त्याच सुमाराला दूरचित्रवाणीच्या एका वाहिनीच्या निवड करणाऱ्या बाईंनी भाचीचं काम पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, छान आहे, पण शेवट नाही. शेवट आणा, अमुक शनिवारपर्यंत, मग बघू.

आणि ताईनं एक पत्र आणलं होतं. ओळखीतल्या एका मोठ्या स्टुडिओचं. लग्नाच्या आणि कंपन्यांच्या चित्रफिती काढणारा स्टुडिओ, महिन्याचा पगार, टेबल, खुर्ची, वर पंखा. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं.

"मी तुला कधी अडवलं नाही," ताई म्हणाली. हे खोटं होतं, पण तिचा आवाज कापत होता म्हणून मी गप्प बसले. "आता एकदा माझं ऐक. शेवट मिळाला तर तुझा सिनेमा कर. नाही मिळाला तर सोमवारी तिथे जाऊन बस. मला शब्द दे."

भाचीनं दिला. शेवट तर ठरलेलाच होता ना! शेवटच्या पाळीचा दिवस, यंत्रं एकेक करून बंद होणार, शेवटची चादर घडी होणार, आणि मोठी बाई भाषण करणार. भाषण तिनं स्वतःहून जाहीर केलं होतं.

मुदतीच्या आठवडाभर आधीच्या शुक्रवारी भाची सकाळी गेली ती संध्याकाळी परत आली. नाचतच आली म्हणायला हरकत नाही. सगळं मिळालं म्हणाली. चौथं यंत्र बंद होताना अशी धडधडून उडी मारून थांबलं, की सगळ्या किंचाळल्या. मोठ्या बाईंनी स्टुलावर उभं राहून भाषण केलं. तिघी रडल्या. आणि एका कॅसेटमध्ये सगळा दिवस बसला. मी म्हटलं, वा! आम्ही दोघी चहा प्यायलो, वर आणखी अर्धा अर्धा कप घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कॅसेट लावली. मी स्वयंपाकघरात होते. मागच्या खोलीतून काहीच आवाज येईना म्हणून डोकावले.

पडद्यावर टेबलाची कड दिसत होती. तिरकी. मग कुणाचा तरी हात आला, गेला. मग जमीन दिसली, भाचीचे बूट दिसले, आणि कॅमेरा वर उचलला जातोय असं वाटतंय तोच चित्र तुटलं. पुन्हा टेबलाची कड.

"हे काय गं?" मी विचारलं.

भाचीचा चेहरा टॉवेलासारखा पांढरा. "उलटं झालंय," ती म्हणाली. "मावशी, सगळं उलटं झालंय."

मला समजायला वेळ लागला, तुम्हाला सरळ सांगते. त्या कॅमेऱ्याला एकच बटण. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. टॉवेलातून काढताना तिचा अंगठा त्या बटणावर पडला आणि कॅमेरा तिच्या नकळत चालू झाला. त्यानंतर तिनं चालू करायला म्हणून बटण दाबलं तेव्हा तो बंद झाला. बंद करायला दाबलं तेव्हा चालू झाला. दिवसभर हेच. डोळा लावायची काच वाफेनं धुरकटलेली, त्यामुळे आतली खूण दिसली नाही. लाल दिवा दिसला असता, तर त्यावर तिनंच पट्टी लावलेली. यंत्रांची धडधड नाही, शेवटची चादर नाही, भाषण नाही. होतं ते फक्त कॅमेरा टेबलावर असतानाचं. बावन्न मिनिटं.

भाची खाली जमिनीवर बसली. मी रंगभूमीवर कितीतरी वेळा कोसळले आहे, पण असं आवाज न करता बसणं मला कधी जमलं नाही.

कॅसेट चालूच होती. थोड्या वेळानं मला हसू फुटलं. आधी मी ते दाबलं, प्रसंग काय आणि मी हसतेय काय! मग दाबलं जाईना. भाचीनं मान वर केली.

पडद्यावर टेबलाच्या कडेपलीकडून कपडे वाहायची चाकांची गाडी येत होती. गाडीत, चादरींच्या ढिगावर, मांडी घालून, मोठी बाई बसली होती. एकतीस वर्षं न बसलेली मोठी बाई! मागून दोघी गाडी ढकलतायत, बाकीच्या बाजूनं धावतायत, आणि ती हात वर करून ओरडतेय, "जोरात! जोरात गं! खाल्लं नाही का सकाळी?" गाडी चित्रातून गेली, धडाम आवाज आला, हशा पिकला, आणि गाडी उलट्या दिशेनं परत आली.

मग दोघी टेबलाला टेकून उभ्या. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात आणि आवाज.

"ही कॅमेरेवाली आता कुठे जाणार गं?"

"कोण जाणे. हिचा सिनेमा बघणार तरी कोण?"

"कोणी नाही बघणार. पण घडी छान घालते हां."

"घडी छान घालते. माझ्या सुनेपेक्षा बरी."

आणि शेवटी मोठी बाई एकटी, पाठमोरी, चौथ्या यंत्रापुढे. फडक्यानं त्याची काच पुसतेय. "काय रे मेल्या, आयुष्यभर छळलंस. रोज वाटायचं, आज तू मोडणार आणि मी सुटणार. आता तिकडे ते नवीन लोक तुला भंगारात देतील. मला विचारणार पण नाहीत." बराच वेळ पुसत राहिली. मग त्याच्यावर एक थाप मारली, जशी आपण शेजारच्या पोराला मारतो तशी, आणि चित्रातून निघून गेली.

"शेवट आहे हा," मी म्हटलं. "अगं, हाच शेवट आहे!"

"हा माझा नाही," भाची म्हणाली. "कॅमेरा टेबलावर होता."

तिचं काम जुळवून देणारा एडिटर दुपारी आला. बघता बघता खुर्चीवरून उठून उभा राहिला. म्हणाला, सोनं आहे, आजच कापायला बसू. भाचीनं शब्दाचं सांगितलं. तो म्हणाला, त्यांना कोण सांगायला जाणारे? त्या थोड्याच असलं काही बघतात?

"मी सांगायला जाणारे," भाची म्हणाली.

"आणि एकीनं जरी नको म्हटलं तर?"

"तर नाही."

"आणि पुढचा शनिवार?"

"तर सोमवार," ती म्हणाली, आणि कॅसेट खोक्यात ठेवली.

बुधवारी आम्ही तळघरात उतरलो. मी वायरींची पिशवी घेऊन, भाची एडिटरचा प्रोजेक्टर घेऊन. धुलाईघराच्या किल्ल्या महिनाअखेरपर्यंत मोठ्या बाईकडे होत्या. यंत्रं गेली होती. जमिनीवर त्यांचे पाच चौकोन तेवढे राहिले होते, बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ. वाफ नाही, आवाज नाही. नऊही जणी आल्या होत्या, धुतलेल्या कपड्यांत, आणि त्या शांततेत अवघडून उभ्या होत्या.

भाचीनं सगळं सांगितलं. बटणाचं, पट्टीचं, काय मिळालं नाही आणि काय मिळालं ते. आधी बघा, मग सांगा. तुमच्यातली एक जरी नको म्हणाली तरी ही कॅसेट मी कुणाला दाखवणार नाही. स्टुडिओच्या पत्राचं मात्र बोलली नाही. मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्या पायावर पाय दिला. ऑपरेशनच्याच बाजूचा.

चित्र पाडायला पडदा हवा. भिंतीला ओल, खिळा धरेना. कुणीतरी बाद म्हणून टाकलेली एक चादर शोधून काढली, आणि दोघीजणी उठल्या, टोकं धरली, ताणून उभ्या राहिल्या. सांगावं लागलं नाही. त्या दोघींनी सगळी फिल्म मागच्या बाजूनं, उलटी बघितली, पण जागा सोडली नाही.

टेबलाची कड आली तेव्हा शांतता. गाडी आली तेव्हा एक जण फुटली. मग दुसरी. मग चादर धरलेल्या दोघी हसायला लागल्या आणि चादर गदगदायला लागली, मोठी बाई पडद्यावर गाडीत बसून लाटांवरून चालल्यासारखी वर-खाली व्हायला लागली, त्यावर आणखी हशा. "नीट धरा गं!" कुणी ओरडलं. "तुम्ही हसणं थांबवा आधी!" चादरीमागून उत्तर आलं. सुनेचं वाक्य आलं तेव्हा ते बोलणारी बाई तोंड झाकून भिंतीकडे वळली. "कुणी माझ्या घरी दाखवणार नाही ना हे?"

"नको असेल तर काढते," भाची म्हणाली.

"नको, राहू दे. ऐकू दे तिला."

इतका सुंदर प्रेक्षक मला चाळीस वर्षांत मिळाला नाही. आठ जणींनी हो म्हटलं, काहींनी डोळे पुसत, काहींनी नाक. राहिली मोठी बाई. ती फिल्म चालू असताना हसली नव्हती. दारापाशी हात मागे बांधून उभी होती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

पुन्हा लावली. या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्या पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होत्या. चौथ्या यंत्राच्या ठिकाणी तिनं मान दुसरीकडे फिरवली. मला पुढच्या सोमवारचा पंखा डोळ्यांसमोर दिसायला लागला, गरगर फिरणारा.

"माझं भाषण कुठंय?" मोठी बाई म्हणाली.

"नाही आलं, मोठ्या बाई. चूक माझी."

"एकतीस वर्षांत मी एक भाषण केलं."

भाची प्रोजेक्टर बंद करायला वाकली.

"तीन दिवस आरशासमोर म्हणत होते. नवरा म्हणाला, आता आरशालाही पाठ झालं. ते नाही आलं. आणि हे आलं?" तिनं चादरीकडे बोट केलं. "मी पोरासारखी गाडीत बसलेली, ते आलं?"

"बाई, बरंच झालं की," चादरीमागून आवाज आला. "भाषणात तुम्ही नऊ वेळा 'तसेच' म्हणालात."

"तू गप! तू मागून काय बघतेस, तुला काय कळणार?"

पण कुणीतरी फिस्सकन हसलंच. मोठ्या बाईनं एकेकीकडे बघितलं. मग भाचीकडे वळली.

"कॅमेरा आणलायस?"

"आणलाय."

"काढ. आणि ती काळी पट्टी पण काढ. दिवा मला दिसला पाहिजे. या खेपेला मी बघते चालू आहे का बंद."

भाचीनं पट्टी सोलून काढली. लाल दिवा लागला. मोठी बाई पाचांपैकी चौथ्या चौकोनात जाऊन उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरू केलं, "आदरणीय अधिकारी वर्ग, तसेच..." आणि दचकली. तिचा तो आवाज रिकाम्या भिंतींवर आपटून परत आला होता. यंत्रांशिवाय त्या खोलीत ती कधी बोललीच नव्हती. तिनं पुन्हा सुरू केलं, हळू. पुन्हा थांबली, आणखी हळू.

"इथे आवाज फार होता," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. आम्ही सगळ्या पुढे झुकलो. "त्यामुळे आम्ही ओरडून बोलायचो. वरच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, खाली भांडणं चाललीत. ते तक्रार पण करायचे. आम्ही भांडत नव्हतो. कुणाची मुलगी पास झाली, कुणाला रात्री झोप लागली नाही, हे सगळं ओरडून सांगावं लागायचं, म्हणून." तिनं मागे बांधलेले हात सोडले. "एवढंच सांगायचं होतं. भांडत नव्हतो आम्ही."

कुणी टाळी वाजवली नाही. खिडकीतून दोन पाय गेले.

"झालं. बंद कर," मोठी बाई म्हणाली. लाल दिवा विझला, तिनं जवळ येऊन तो विझल्याची खात्री केली. "आणि ते गाडीतलं राहू दे. पण मागे ढकलणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत. पुढच्या वेळी कॅमेरा जरा सरळ ठेवत जा टेबलावर."

त्यावर जो गोंधळ उडाला तो मला लिहून दाखवता येणार नाही. नऊ बाया, एक भाची, एक मी, सगळ्या एकाच वेळी ओरडत होतो. वर कुणीतरी नक्की म्हणालं असेल, हे बघा, परत सुरू झालं यांचं.

पुढचं थोडक्यात सांगते. एडिटरनं दोन दिवस डोळ्याला डोळा न लावता शेवट जोडला. वाहिनीवाल्या बाईंनी शनिवारी तो बघितला आणि विचारलं, तुम्ही यांना इतकं मोकळं कसं केलंत? भाचीनं खरं ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, विनोद छान करता तुम्ही. माहितीपट लागला त्या दिवशी ताईकडे नऊ खुर्च्या मांडल्या होत्या, एका रेषेत. आज त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. भाचीचे आणखी आठ माहितीपट झाले, केस पिकले, खोकी माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आली. ताई आता कुणीही भेटलं की सांगते, माझी मुलगी स्वतंत्र आहे.

पण यातलं काहीच त्या बुधवारी आम्हाला माहीत नव्हतं. शनिवार उजाडायचा होता, वाहिनी नको म्हणू शकत होती, आणि स्टुडिओचं पत्र माझ्या फ्रिजवर चुंबकाखाली होतं. निघताना मोठी बाई भाचीला जिन्यापाशी बाजूला घेऊन काहीतरी सांगत होती, बोट नाचवत. मग आम्ही टॅक्सीत बसलो. प्रोजेक्टर माझ्या मांडीवर, कॅमेरा तिच्या. बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत होती, सगळीकडची माणसं पायांपासून डोक्यापर्यंत दिसत होती त्याचंच नवल वाटल्यासारखी.

मला राहवेना. "काय म्हणत होती गं मोठी बाई?"

"त्यांची धाकटी बहीण आहे. बस डेपोत असते."

"बरं. मग?" मी म्हटलं. "आणि सोमवारचं काय? स्टुडिओला काय कळवायचं? ताईला काय सांगू मी?"

ती माझ्याकडे वळली. आठ वर्षांची असताना विंगेतल्या स्टुलावर जसा दिसायचा तसाच चेहरा.

"मावशी, सोमवारी मला पाचला उठव हं. बसगाड्या धुवायला जायचंय."